वायर पाठवत नाही, कारण…

लीड्स, इंग्लंड

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

नव्या स्पीकरच्या पाठीवर स्क्रूंच्या दोन जोड्या आहेत आणि दुकानदार म्हणतो, दोन्हींना वेगवेगळी वायर ओढली की दशावतारातली पेटी नि झांज सुटी ऐकू येईल. तेव्हा तिकडची भारी वायर पाठव, असं तुम्ही लिहिलंत. पाठवत नाही. चिकटपणा आपल्या घराण्यात आहेच, पण इथे कारण ओहमचा नियम आहे. खालची जोडी खर्जाच्या वूफरची, वरची बारीक सुरांच्या ट्वीटरची, आणि दोन्ही पितळी पट्टीने जोडलेल्या. बायवायरिंग म्हणजे पट्टी काढून दोघांना स्वतंत्र वायर द्यायची. पण त्या वायरींची दुसरी टोकं अँप्लिफायरच्या एकाच जोडीत खुपसली जातात! म्हणजे वाटणी फक्त मधल्या तांब्याची. २.५ चौरस मि.मी.च्या ५ मीटर वायरीचा रोध जाऊन-येऊन सुमारे ०.०७ ओहम भरतो, स्पीकर ८ ओहमचा. आवाज एक डेसिबलच्या दहाव्या हिश्शाइतकाही पडत नाही. तेवढंही सलत असेल तर एकच जाड वायर घ्या, काम तेच.

दुकानदार म्हणेल, वूफरचा दांडगा करंट ट्वीटरच्या नाजूक करंटला बिघडवतो. वायरी वेगळ्या केल्या की करंट वेगळे होतात, हे त्याचं खरं आहे. पण तांब्यातून मृदंगाचा खर्ज नि झांजेची किणकिण एकत्र गेली म्हणून तिसराच सूर निपजत नाही. शिवाय माइकपासून अँपपर्यंत दोघं एकाच तारेतून आलेली असतात. शेवटच्या ५ मीटरलाच सोवळं कशाला? बरं, ज्यांनी वायरी ओढल्या ते फरक पडला म्हणून शपथा घेतात, आणि खोटं बोलत नाहीत. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनिसंशोधकांनी १९९४ साली स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतल्याच ४० जणांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा समोर ठेवून ऐकवले. दिसल्याबरोबर देखण्या, थोराड स्पीकरांचे गुण वाढले आणि छोट्या स्वस्ताचे घसरले. ही कंपनीतल्या जाणत्यांची गत. त्यात पदरचे पैसे मोजलेले असले की विचारूच नका. मग कारखानदार दोन जोड्या का देतात? गिऱ्हाईक मागतं म्हणून. डेन्मार्कची डायनऑडिओ कंपनी वर्षानुवर्षं एकाच जोडीवर धंदा करत आली आहे.

एक गोष्ट मात्र तुमच्या बांद्यात खरोखर घडू शकते. तेरेखोलकाठच्या पावसाळी दमटपणात ती पितळी पट्टी हिरवी पडते, स्क्रू ढिला होतो, आणि तिथला रोध वायरीपेक्षा जास्त भरू शकतो. बायवायरिंग करणारा पट्टी काढतो, नवी टोकं घट्ट आवळतो आणि आवाज मोकळा झाला की श्रेय वायरीला देतो. तुम्ही अँप बंद करून पट्टी बारीक पॉलिशपेपरने घासा, नाहीतर तिच्या जागी साध्या वायरीचा वीतभर तुकडा लावा. स्पीकर कोपऱ्यातून हातभर पुढे ओढा; कोपऱ्यात खर्ज फुगतो आणि पेटी त्याखाली दबते. एवढ्यानंही दुकानदार हटला नाही, तर त्यालाच पडद्याआड बसवा आणि वायरी काकूला बदलू द्या. काकूने दोन-चार वेळा काहीच न बदलता नुसती खुडबुड करावी. तो काय म्हणतो ते सविस्तर कळवा.

काकूला सा. नमस्कार.

तुमचा,
बाबू