भिंतीवरचा रेडिएटर

आमच्या आणि शेजारच्या काकींच्या मधली भिंत कमरेएवढीच आहे. ती उंच करायचा विषय दोन्ही घरांत दर दिवाळीला निघतो आणि मागे पडतो, कारण मग चहाची बशी ठेवायची कुठं? परवा सकाळी मात्र बशीला जागाच नव्हती. भिंतीवर आमच्या गाडीचा रेडिएटर आडवा पडला होता. जुना पार्ट गॅरेजमधून घरी आणायचाच, असा आमच्या ह्यांचा बाणा. नवा बसायचाय अजून, पण जुना आधी घरी आला.

"हे काय गं, खिडकीची जाळी?" काकींनी विचारलं. विचारलं आपलं उगाच. त्यांचे नाना एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं होते. ताटावर बसून त्यांनी जेवढी इंजिनं खोलली तेवढी वर्कशॉपमध्येही खोलली नसतील. काकींना रेडिएटर कळत नाही म्हणणं म्हणजे भटजीच्या बायकोला नैवेद्य कळत नाही म्हणण्यासारखं. त्यांनी तोवर त्याच्या उघड्या तोंडात बोट घालून बाहेरही काढलं होतं. बोटाला पिवळा राडा.

"हळद?"

मी पदराशी चाळा करत उभी.

झालं असं की चिपळूणला नणंदेकडे गेलो होतो. येताना आंब्याच्या पाच पेट्या, आम्ही चौघं, शिवाय नणंदेनं दिलेलं फणसाचं एक धूड. पोफळी सोडलं आणि कुंभार्लीच्या चढाला लागलो. भर दुपार, पुढं उसाचा रिकामा ट्रक दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चाललेला, त्याच्यामागं आम्ही, एसी फुल. मी म्हटलं, अहो, तो काटा बघा. हे म्हणाले, काटा चढणारच, घाट आहे. जणू काट्यालाही घाट चढायचाय! तिसऱ्या वळणावर बॉनेटमधून वाफ. गाडी कडेला घेतली. मागून आलेल्या एका ट्रक ड्रायव्हरनं वाकून बघितलं, केबिनमधून कागदाची पुडी आणली आणि इंजिन गार झाल्यावर मूठभर हळद आत टाकली. खरं सांगते, गळती थांबली. सातारा गाठला.

"थांबणारच. हळद फुगून चीर बुजवते. पण ती चिरीतच जाऊन बसत नाही ना, बारीक नळ्यांतही बसते," काकी म्हणाल्या. मग बोट भिंतीला पुसत, "जाऊ दे. हळद लागलेल्याला घरात ठेवू नये. पाठवणी करा."

पाठवणी ठरलीच होती, अडलं होतं नव्या सोयरिकीवर. मिस्त्री म्हणतो, कंपनीसारखा घ्या. हे म्हणतात, ॲल्युमिनियमचा घेऊ. मिस्त्रीला संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. ॲल्युमिनियमचं हे खूळ कुठून शिरलं ते काकींना सांगावं लागलं नाही. दोघींनी एकदमच कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे बघितलं.

त्या बंगल्यातला मुलगा तुम्हाला माहीत नसेल, आमच्या गल्लीला माहीत आहे. गाडीला ट्रॅक्टरसारखे टायर, टपावर दिव्यांची माळ, हॉर्न वाजला की दुसऱ्या गल्लीतली कुत्री उठतात. गेल्या वर्षी त्यानं चकचकीत, दुप्पट जाडीचा ॲल्युमिनियमचा रेडिएटर मागवला आणि बसवल्यावर बॉनेट उघडं टाकून रविवारभर गाडी दारात उभी केली. खंडेनवमीला पूजा मांडावी तशी. आमचे हे दोनदा बघून आले. तेव्हापासून घोकतायत. मजबूत असतो, गाडी गार राहते, आयुष्यभर बघायला नको. किंमत मात्र मिस्त्रीनं सांगितलेल्यापेक्षा अडीचपट.

"आणि हा कशाचा आहे म्हणं?" काकींनी भिंतीवरच्या रेडिएटरवर टिचकी मारली.

मी म्हटलं, हा आपला साधा.

"अगं, हाही ॲल्युमिनियमचाच. मधली जाळी, नळ्या, सगळं. ह्या दोन बाजूच्या काळ्या टाक्या तेवढ्या प्लॅस्टिकच्या."

मी वाकून बघितलं. खरंच की. आम्ही चार दिवस ॲल्युमिनियम घ्यायचं की नाही यावर भांडत होतो आणि ॲल्युमिनियम भिंतीवर पडलं होतं. काळ्या नायलॉनच्या टाकीला धातूच्या कडेचे बारीक दात मुडपून धरून ठेवलेले, करंजीला मुरड घालतात तसे, आणि आत रबराची गॅस्केट. वरचा पाइप जिथं बसतो त्या मानेशी केसाएवढी चीर. चिरीभोवती पांढरट हिरवी खपली. काकींनी नखानं दाबलं तर प्लॅस्टिकचा कपटाच सुटला. जुन्या बादलीचा कान तुटतो तसा.

"दहा-बारा वर्षं रोज तापायचं, रोज गार व्हायचं. प्लॅस्टिक कडकडीत होतं आणि मानेशीच नाहीतर मुरडीशीच जातं. तुमची गाडी किती वर्षांची?"

"चौदा."

"मग त्यानं काय वाईट केलं? चौदा वर्षं चाकरी केली."

बाहेरून मागवतात त्याच्या टाक्याही ॲल्युमिनियमच्या, वेल्डिंग करून जाळीला जोडलेल्या. झगडा काय तो एवढ्याच गोष्टीचा, टाकी प्लॅस्टिकची की धातूची. आणि जाळी किती जाड.

नानांच्या उमेदीत यातलं काहीच नव्हतं. रेडिएटर तांब्या-पितळेचे, झाळ देऊन जोडलेले. गळला की झाळकामवाल्याकडं द्यायचा, तो डाग मारून संध्याकाळी परत. नळ्या बुजल्या तर टाकी उघडून आत सळई घालून साफ करायचा. जड मात्र भयंकर. तांबं वजनाला ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जास्त. साधारण सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून गाड्यांचे कारखाने हळूहळू ॲल्युमिनियमवर गेले. आता झाळ देणारा कारीगर शोधून सापडत नाही आणि सापडला तरी प्लॅस्टिकच्या टाकीला झाळ देणार कशी? चिकटवून बघतात लोक. घाटात पुन्हा सुटतं.

"पण उष्णता तर तांबंच जास्त वाहतं ना?" मी शाळेतलं विज्ञान काढलं.

"वाहतं की. पण तू चहा कशात ओततेस?"

एव्हाना रेडिएटर जरा सरकवून दोन बशांपुरती जागा झाली होती. काकींनी कपातला चहा बशीत ओतला आणि फुंकर घातली. "बशी चिनीमातीची. चिनीमाती काय तांब्याहून जास्त वाहते? तरी चहा बशीत लवकर निवतो. का, तर पसरतो आणि वारा लागतो. अडतं ते धातूत अडत नाही, वाऱ्यापाशी अडतं."

काकींना ही वाक्यं नानांकडून मिळाली असणार. पण बशी त्यांची स्वतःची.

मग मी ह्यांचा हुकमी एक्का टाकला. मोठा रेडिएटर बसवला की इंजिन गार राहतं. काकी हसल्या. इंजिनात थर्मोस्टॅट असतो, तो बऱ्याच गाड्यांत ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडतो. त्याच्या खाली इंजिन जाऊच देत नाही, कारण इंजिनाला गारठणंही मानवत नाही. रेडिएटर मोठा असला म्हणजे सपाटीवर काटा खाली येतो असं नाही. घाटात भार पडला तर तेवढी ताकद शिल्लक असते, इतकंच. घरी जेवणारी चार माणसं, भात वीस जणांच्या पातेल्यात शिजवला म्हणून कुणी जास्त जेवत नाही. वीस पाहुणे येणार असतील तर पातेलं कामाचं.

आणि जाड जाळीचं एक वेगळंच दुखणं. वारा तिच्यातून पार जायला हवा ना. पुढं एसीची जाळी, मागं ही दुप्पट जाडीची. गाडी पळत असेल तोवर ठीक, पण ट्रकच्या मागं रांगताना सगळी भिस्त फॅनवर. फॅन जुनाच, कधीकधी जाडीमुळं फॅनला जागाच उरत नाही, मग त्याचं प्लॅस्टिकचं कवच कापायचं. कवच कापलं की फॅन वारा जाळीतून ओढायचा सोडून कडेनंच ओढतो. कोपऱ्यावरच्यानं नेमकं हेच केलं होतं. "पोवई नाक्यावर सिग्नलला तापते त्याची," काकी आवाज उतरवून म्हणाल्या. "आईच सांगत होती त्याची. आणि आता तर गळतोय."

"तो आयुष्यभराचा?"

"आठ महिन्यांत."

मला आनंद झाला हे मी लपवणार नाही.

गळतीचं कारण नानांनीच शोधलं म्हणे. त्या टपावरच्या दिव्यांच्या माळेची अर्थची वायर पोरानं रेडिएटरच्या ब्रॅकेटला आवळली होती. दिवे लावले की वीज घरी जायला वाट शोधते, आणि तिला वाट मिळाली ती रेडिएटरमधल्या पाण्यातून. आतून टाचणीएवढी भोकं. नानांनी मीटरची एक तार झाकण काढून पाण्यात धरली, दुसरी बॅटरीच्या मायनसला, दिवे लावले, काटा उठला. शून्यापाशी राहायला हवा होता. पोरगं म्हणालं, माल बोगस होता. नाना काही बोलले नाहीत. आत पाणी कुठलं घातलंस एवढंच विचारलं.

पाणी बोअरचं. आमच्या गल्लीचं बोअर कसं ते आमच्या गिझरच्या कॉइलला विचारा, दोन वर्षांत चुन्याचं बोट होतं तिचं. तेच पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. ॲल्युमिनियमला गंजापासून वाचवणारी औषधं असतात ती कूलंटमध्ये. निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर असं घालतात. साताऱ्यात पाण्याचा बर्फ होणार नाही, मग कूलंट कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात.

"तुमचे हे काय घालतात?"

मी बशीतल्या चहाकडं बघत राहिले. आमचे हे दर रविवारी गाडी धुतात तेव्हा, नळी हातात असतेच, आत थोडं सोडतात.

"बरं," काकी म्हणाल्या. त्यांच्या 'बरं'मध्ये अख्खं पंचांग असतं.

तरी काकी एकतर्फी नाहीत. गाडी रोज भार ओढणारी असेल, इंजिनाची ताकद वाढवून घेतली असेल, किंवा इतकी जुनी की कंपनीचा पीसच मिळत नाही, तर धातूच्या टाकीचा जरूर घ्या. गळला तर चांगला वेल्डर जोडूनही देतो. पण मापात बसणारा हवा, फॅनच्या कवचासकट, आणि खाली रबरी बुश हवेतच. नट आवळून घट्ट बसवला की रस्त्याचे हादरे थेट वेल्डिंगला. आमच्यासारख्यांनी, म्हणजे आठवड्यातून चार दिवस कोरेगाव आणि वर्षातून एकदा चिपळूण, कंपनीसारखाच घ्यावा. त्यातही खोक्यावरच्या नावावर जाऊ नये. गाडीच्या कारखान्याला माल पुरवणारेच पुष्कळदा स्वतःच्या खोक्यात तोच माल स्वस्त विकतात. आणि एक स्वस्तातली नक्कल असते, दिसायला सेम, पण जाळी पातळ आणि विरळ. ती ओळखायची सोपी रीत म्हणजे जुना दुकानात घेऊन जायचा, एका हातात जुना, एका हातात नवा.

एवढ्यात आमचे हे दात घासत बाहेर आले. तोंडात ब्रश होता म्हणून भांडण झालं नाही. मी म्हटलं, कंपनीसारखा घेऊ, ठरलं. त्यांनी कोपऱ्यावरच्या बंगल्याकडे एकदा बघितलं, मग माझ्याकडं, मग काकींकडं. गळतोय हे त्यांच्याही कानावर आलं असावं. चूळ भरून म्हणाले, "मी तेच म्हणत होतो."

तिकडून नाना पेपरची घडी काखेत मारून भिंतीपाशी आले. रेडिएटर त्यांनी उचलला, उन्हाकडं धरून जाळीतून बघितलं, मग तोंड आपल्याकडं वळवलं.

"ह्याचं झाकण कुठंय?"

"ते चांगलं होतं," हे म्हणाले. "नव्याला तेच लावायला सांगितलंय मिस्त्रीला. उगाच खर्च कशाला?"

काकींनी बशी खाली ठेवली.

"सूनबाई, कुकरची शिट्टी किती वर्षं वापरतेस?" नानांनी मला विचारलं. "झाकण म्हणजे ह्याची शिट्टी. आत दाब धरतं म्हणून पाणी शंभरला उकळत नाही, एकशेवीसपर्यंत तग धरतं. स्प्रिंग ढिली पडली तर घाटात पाणी शंभरलाच उकळणार, आणि अडकून बसली तर दाब सगळा टाकीवर. चौदा वर्षांची स्प्रिंग." ते ह्यांच्याकडं न बघता रेडिएटर परत भिंतीवर ठेवत होते. "मानेशी चीर पडलीय ही. नुसत्या वयानं पडली का झाकणानं, ते आता कोण सांगणार?"

ह्यांनी ब्रश खिशात घातला आणि फोन शोधायला आत गेले.