दाजींच्या गाडीचं पोट

सांगलीच्या आमच्या दाजींनी स्पोर्ट्स कार घेतली तेव्हा ताईनं एकच विचारलं, "आत्याबाई मागं कुठं बसणार?" आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई. पण गाडीला मागची सीटच नव्हती. उघड्या टपाची, दोनच माणसांची सॅन स्टॉर्म. गोव्यात बनलेली. 1998च्या सुमारास ही गाडी बाजारात आली, फार थोड्यांनी घेतली, आणि त्या थोड्यांतल्या एकाला ती घाईनं विकायची होती. इंजिन रेनॉचं, 1,149 सीसी, 60 अश्वशक्तीचं. आमच्या ऊसपट्ट्यात एवढ्या ताकदीचे ट्रॅक्टर कारखान्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढतात. दाजींची गाडी फक्त दाजींना ओढायची.

"बॉडी फायबरची आहे, पाव्हणं. गंजायचा प्रश्नच न्हाई," दाजी मला सांगायचे. बॉडी खरोखरच गंजली नाही. पण गंजाला कुठंतरी जायचं होतंच. मिस्त्रीनं गाडी जॅकवर उचलून घोड्यांवर ठेवली, खाली सरकून बॅटरी मारली, टोकरलं आणि तळहाताएवढा पापुद्रा बाहेर आणून दाजींच्या हातावर ठेवला. "मालक, ही चासी."

यात गाडीचा दोष नव्हता. आधीचा मालक समुद्राकाठचा, तिथली हवा खारी. इकडं आल्यावर 2019चा महापूर. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, आणि त्या ऑगस्टात कृष्णा 57 फुटांच्या वर गेली. त्या आठवड्यात सांगलीत नमस्कार-चमत्कार बंद होते, माणूस भेटला की थेट "आयर्विनला किती?" दाजींनी घरातून आधी गाडी हलवली आणि मग आत्याबाईंना, असं ताई अजून सांगते. दाजी म्हणतात, एकाच फेरीत हलवलं. गाडी दोघांचीच असल्यानं हेही खरं असू शकेल.

मी साताऱ्याचा. गंजाला आम्ही फारसं भीत नाही. कास, महाबळेश्वरच्या माथ्यावरचा जांभा लाल दिसतो तो लोहाच्या ऑक्साइडमुळं, म्हणजे जवळजवळ गंजामुळंच. पश्चिम घाटाबरोबर कासलाही युनेस्कोनं 2012 साली जागतिक वारसा ठरवलं. गंजलेल्या दगडावर एवढी फुलं फुलतात आणि तिकीट काढून माणसं बघायला येतात, असं मी दाजींना समजावत होतो.

"मग चासीवर तेरडा लावायचा का?" दाजी म्हणाले आणि वायर ब्रश माझ्या हातात दिला.

मिस्त्रीचा पोऱ्या जत्रेला गेला होता, म्हणून मी. गाडीखाली पोत्यावर उताणं पडलं की जग एकदम छोटं होतं. नाकापासून वीतभर अंतरावर क्रॉस मेंबर, त्यात पुराच्या साली शिरलेली आणि आता विटेसारखी घट्ट झालेली गाळाची माती. ब्रश मारला की माती शर्टात आणि गंज डोळ्यांत. मायकलअँजेलोनं सिस्टीन चॅपेलचं छत उताणं पडून रंगवलं, असं शाळेपासून ऐकत आलो होतो. खरं तर 1508 ते 1512 ही चार वर्षं तो उभा राहून, मान मागं टाकून रंगवत होता. तोंडावर रंग गळतो म्हणून त्यानं कवितेत तक्रारही केली आहे. पण त्याचं छत बरंच उंच होतं आणि त्यातून ऑइल गळत नव्हतं.

ब्रेकचे पाइप, रबरी बुश, सायलेन्सर यांना रंग लागू नये म्हणून वर्तमानपत्र गुंडाळून टेप मारली. आठवडाभर मी 'पुढारी' उलटाच वाचला. सायलेन्सरवर निधनवार्तांचं पान आलं होतं. त्यात मिरजेचे एक ओळखीचे गृहस्थ निघाले, आणि मी गाडीखालूनच हळहळलो.

मग आला रेड ऑक्साइड. त्याचा लाल रंग लोहाच्या ऑक्साइडचाच, हे मी बोलून गेलो. दाजी चमकले. "म्हणजे गंज काढून परत गंजच लावायचा?"

"तो फुकटचा होता, मालक," मिस्त्री थिनर ढवळत म्हणाला. "हा डब्यातला."

एका बाबतीत मात्र मिस्त्री कुणाचं ऐकेना. चासीला खालून पाणी निथळायची भोकं असतात, त्या प्रत्येकात त्यानं आगकाडी खोचायला लावली आणि रंग वाळल्यावर मोजून काढून घेतली. भोक रंगानं बुजलं तर पाणी आतच साचतं, आणि वरून चकचकीत दिसणारी चासी आतून खलास होते. गंजावरच डांबर थापून "अंडरकोटिंग केलं" म्हणणाऱ्यांबद्दल तो जे बोलला, ते इथं छापता येणार नाही.

शेवटचा हात काळा, हे ठरलेलं होतं. पण मॅट की चकाकी, यावर दोन दिवस काम थांबलं. "खाली बघतंय कोण?" मिस्त्री म्हणाला. दाजींना नेमका याच प्रश्नाचा राग आला. चकाकी मारली. मग त्यांनी ताईच्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा सोडवून गाडीखाली सरकवला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला अंगणात वाकायला लावलं. दूधवाला वाकला, विम्याचा एजंट तर चक्क आडवा झाला. आत्याबाईंना आग्रह केल्यावर त्या म्हणाल्या, "माझ्या गुडघ्यांखाली बघ आधी काय गंजलंय ते."

गेल्या रविवारी दाजी ती गाडी साताऱ्याला घेऊन आले. सांगली ते पेठ नाका हा रस्ता आणि त्यावरचे गतिरोधक ज्यांना माहीत आहेत, त्यांना पुढचं सांगायला नको. शेजारी माणूस बसला की गाडी आणखी बोटभर दबते, पोट घासतं, रंग जातो. म्हणून दाजी एकटेच निघाले. सामानही नको म्हणाले. त्यांची बॅग, ताई आणि तिला आणायला गेलेला मी, असे तिघं मागून एस्टीनं.

कराडच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ताईचा फोन वाजला. दाजी उंब्रजजवळ थांबले होते. खालून काहीतरी टेकल्यासारखं वाटलं, पण आरसा घरीच राहिला होता.

"तुझ्या पर्समध्ये असेल ना गं छोटा?" ते विचारत होते.

ताईनं फोन माझ्याकडं दिला आणि खिडकीतून शेंगावाल्याला हाक मारली.