कायदेआजोबा

नियमावर बोट ठेवणारा माणूस आपल्याकडे सोसायटीचा सेक्रेटरी होतो आणि जिन्यात सायकल दिसली की नोटीस लावतो. आमचे कोलंबसचे शेजारी ओहायोत जन्मले, म्हणून हरणांच्या मागे लागले. आमची मुलं त्यांना कायदेआजोबा म्हणतात.

सप्टेंबर उजाडला की त्यांच्या गॅरेजचं दार वर जातं आणि मला हाक येते, "जरा टेप धर." हरणाच्या शिकारीला क्रॉसबोचा दस्ता निदान 25 इंच हवा, असा राज्याचा नियम. त्यांचा चांगला ऐसपैस आहे, पण दरवर्षी मोजायचा. एकदा म्हटलं, "गेल्या वर्षीच मोजला की!" तर म्हणाले, "लाकूड आकसतं." दस्ता फायबरचा आहे. दोरीचा ताण किमान 75 पौंड लागतो. यांच्या धनुष्यावर 175 छापलंय, तेही बोट ठेवून वाचून दाखवायचं. सेफ्टीचा खटका दहादा मागेपुढे. बाणाचं पातं पाऊण इंच रुंद हवं, त्याला व्हर्नियर. मग रिकिबीत पाय घालून दोरी चढवून दाखवतात. मी चापाकडे नुसता हात नेला, तर केवढ्यानं ओरडले! बाण नसताना चाप ओढला तर धनुष्यच फुटतं म्हणे.

एकदा मला मचाणावर नेलं. "हात मांडीखाली ठेव, तुझ्याकडे लायसन्स नाही." त्यांच्या खिशात तीन पेनं. मारलेल्या हरणाच्या टॅगवर नाव, तारीख, वेळ, काउंटी लिहायची असते, आणि थंडीत शाई दगा देते. शिकारीची नोंद दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत, हे वाटेत दोनदा सांगून झालं होतं. चार तास काहीच नाही. मग हरीण आलं. वीस पावलांवर, आडवं. आजोबांनी आधी घड्याळ पाहिलं. सूर्यास्तानंतर अर्धा तासच मुभा असते.

"दोनच मिनिटं वर झालीत," मी कुजबुजलो.

"म्हणजे दोन मिनिटं बेकायदा."

हरीण पोटभर ओकची फळं खाऊन जाईपर्यंत आम्ही खाली उतरलो नाही. उगाच बुजायला नको.

चढवलेली दोरी बाण सोडूनच उतरवायची, म्हणून खाली आल्यावर त्यांनी एक जुना बाण मातीच्या ढिगात मारला. त्या हंगामातली त्यांची शिकार तेवढीच.

हंगाम फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी संपतो. यंदा सोमवारी सकाळी पाहिलं, तर तीन हरणं त्यांच्या अंगणात पक्ष्यांचे दाणे खात होती, आणि आजोबा कॉफीचा मग घेऊन काचेआडून ती मोजत होते.