ब्रँडभाऊ

सकाळी पावणेसातला दुधाच्या पिशव्या घेऊन मी लिफ्टमध्ये शिरलो, तर आत उभ्या असलेल्या इसमाने विचारलं, "काका, तुमची टॅगलाइन काय?"

मला वाटलं, दुधाचं विचारतोय. म्हटलं, "गाईचं. अर्धा-अर्धा लिटर, दोन."

"तसं नाही हो. तुमचं नाव निघालं की लोकांना एका ओळीत काय आठवलं पाहिजे?"

चौतीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसाला एका ओळीत फक्त खातेक्रमांक आठवतो. तेवढ्यात लिफ्ट थांबली. "तिसरा मजला," म्हणत मी बाहेर पडलो.

"वा! शॉर्ट अँड स्वीट!" दार मिटता मिटता आतून दाद आली.

हा आमचा ब्रँडभाऊ. खरं नाव सोसायटीच्या फलकावर आहे, पण तो फलक थकबाकीदारांची यादी लागली तरच कुणी वाचतं. 'ब्रँडभाऊ' हे नाव खाली क्रिकेट खेळणाऱ्या पोरांनी चिडवायला ठेवलं. पठ्ठ्या चिडायच्या ऐवजी खूश झाला. "काका, याला रिकॉल म्हणतात. कंपन्या यासाठी पैसे मोजतात!"

मुंबईच्या दिंडोशीत असा एक नग हल्ली प्रत्येक जिन्यात सापडतो. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी नुकतीच गेलेली, नाहीतर जाईल अशी धाकधूक. गळ्यात हेडफोन. तोंडी सतत 'माझी जर्नी', आणि तिकीट मात्र कुठलंच काढलेलं नाही. आमचा भाऊ चौदा वर्षं भिवंडीच्या एका गोदामात डिस्पॅचला होता. कुठला ट्रक किती वाजता लागणार, कुठला माल आधी चढणार, हे त्याच्या बोटांवर. मग मालकांनी दोन गोदामांचं एक केलं आणि ह्याच्या हातात पुष्पगुच्छ दिला. त्यानंतर त्याने शनिवार-रविवारचा एक ऑनलाइन कोर्स केला. सार एवढंच, की आता स्वतःला विकायला शिकलं पाहिजे.

"आधी माळ्यावरची रद्दी वीक," त्याचे वडील म्हणाले. त्यांना सगळी बिल्डिंग आप्पा म्हणते.

कोर्सचं फळ म्हणजे त्याचा दृश्य रेझ्युमे. आमच्याच सोफ्यावर, पोह्यांची बशी मांडीवर घेऊन, त्याने तो मला मोबाइलवर दाखवला. वर फोटो. हाताची घडी, मान किंचित तिरकी, नजर दूर भविष्यात. आमच्या वेळी हाताची घडी घातली की तोंडावर बोटही ठेवावं लागे. ती सक्ती उठल्याचे परिणाम आपण भोगतोच आहोत. मागे मॉलची काच आणि काचेत उलटी उमटलेली बेस्टची बस.

"बस मुद्दाम ठेवली," तो म्हणाला. "रूटेड वाटतं."

फोटोखाली आयुष्य होतं, मेट्रो ७च्या नकाशासारखं. तांबडी रेघ, दहिसर ते गुंदवली. दहिसरला जन्म, देवीपाड्याला दहावी, मागाठाण्याला बी. कॉम., कुरारला भिवंडीचं गोदाम. दिंडोशीवर भरीव ठिपका: 'आपण येथे आहात'. पुढे आरे, गोरेगाव, जोगेश्वरी, मोगरा ही स्टेशनं रिकामी, आणि गुंदवलीवर एकच शब्द: 'लीडर'. खरी मेट्रो दिंडोशीला आली ती २०२२च्या पाडव्याला. ह्याच्या रेझ्युमेत ती १९८६पासून धावत होती.

"आणि लग्न कुठल्या स्टेशनात?" आमच्या हिने आतून विचारलं.

"आकुर्ली. पण पर्सनल म्हणून हाइड केलंय, काकू."

मग आल्या रंगीत पट्ट्या. लीडरशिप ९० टक्के. टीमवर्क ९५. एक्सेल ८०. मराठी ८५.

"मराठीचे पंधरा टक्के कुठे गेले रे?"

"ऱ्हस्व-दीर्घ," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

आप्पांनी घरी याच पट्ट्या चष्मा लावून तपासल्या होत्या. "हे मार्क कुठल्या बोर्डाने दिले?"

"सेल्फ-असेसमेंट आहे, आप्पा."

"ही सोय आधी असती, तर तू दहावीला मेरिटमध्ये आला असतास."

माणूस म्हणजे ब्रँड ही कल्पना गाजवली टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन गृहस्थाने, १९९७ साली 'फास्ट कंपनी' मासिकात लेख लिहून. भाऊ त्यांचं नाव आळंदीला जाणाऱ्याने माउलींचं घ्यावं तसं घेतो. पण आपल्याला यात नवं ते काय? कुठल्याही चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बघा. गॉगल, कानाला मोबाइल, पाठीशी सिंह, 'भावी नगरसेवक' हे गुंदवली स्टेशन, आणि खाली शुभेच्छुकांची वीस-पंचवीस मुंडकी, म्हणजे रेफरन्सेस. उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवरून कितीदा कान उपटले, तरी हा रेझ्युमे काही उतरत नाही. फिल्म सिटी रोडवर तर फोटोंचा आल्बम बगलेत मारून चकरा मारणारी पोरं आम्ही कित्येक वर्षं बघतो आहोत. समोरून एक, बाजूने एक, हसरा एक, उदास एक.

आणि लग्नाचा बायोडेटा? वर गणपती, मग उंची, रास, नाडी, शेवटी 'अपेक्षा: अनुरूप'. भाऊने आपला रेझ्युमे घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा सावंतवाडीच्या आत्याचं उत्तर आलं: 'मुलगा चांगला दिसतो. पत्रिका पाठवा. आमच्या शेजारी एक मुलगी आहे.' फोटो इतका उजळला होता, की सख्ख्या आत्याने भाच्याला ओळखलं नाही.

हा रेझ्युमे त्रेचाळीस ठिकाणी गेला. कुठूनच हूं की चूं नाही. शेवटी मी माझ्या पुतणीला फोन केला. ती एका कंपनीत माणसं भरायच्या खात्यात आहे. ती हसायलाच लागली. म्हणाली, "काका, मोठ्या कंपनीत अर्ज आधी माणूस बघतच नाही, सॉफ्टवेअर बघतं. त्याला साधी, सरळ अक्षरं लागतात. चित्रातलं लिहिलेलं त्याला बहुतेक वेळा दिसतच नाही. आणि दोन रकाने शेजारी ठेवले, की ते या रकान्यातून त्या रकान्यात आडवं वाचत सुटतं." म्हणजे त्रेचाळीस यंत्रांनी भाऊला 'लीडरशिप मराठी टीमवर्क एक्सेल' असा काहीतरी वाचला असणार. मेट्रोचा नकाशा चित्रात होता. भिवंडीची चौदा वर्षं त्यातच गडप.

"थोडक्यात," मी त्याला म्हटलं, "त्रेचाळीस ठिकाणांहून वाटाण्याच्या अक्षता."

आणि वाटाण्यावरून मला दादासाहेब फाळके आठवले. त्यांच्या नावाची चित्रनगरी आमच्या उशालाच आहे, राज्य सरकारने १९७७ साली उभारलेली. मी भाऊला म्हटलं, "अरे, दृश्य रेझ्युमे म्हणतोस ना? तो फाळक्यांनी १९१२ साली केलाय. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून विलायतेला गेले, कॅमेरा आणला. सिनेमा काढायचा तर भांडवल हवं, आणि या माणसाला सिनेमा काढता येतो यावर विश्वास कोण ठेवणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. समोर कॅमेरा रोवला. महिनाभर रोज चित्रं घेतली. मग पडद्यावर मिनिटभरात बी फुटलं, कोंब आला, वेल चढला. 'अंकुराची वाढ'. तेवढं बघून पैसेवाल्यांनी खिशात हात घातला आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' लागला. त्यात फाळक्यांचा हाताची घडी घातलेला फोटो नव्हता. लीडरशिप किती टक्के, तेही नव्हतं. नुसता वाटाणा."

भाऊ गप्प झाला. डोळे ओलसर. मला वाटलं, पडला प्रकाश.

दुसऱ्या दिवशी त्याच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंडी आली. समोर तीन पायांवर मोबाइल. आणि रील: 'ग्रोथ माइंडसेट, डे वन'.

चार दिवस कुंडीत काही हलेना. डे फोरला त्याच्या बायकोने भाजीवाल्याच्या समोरच सांगितलं, "अहो, तो फ्रीजरमधला मटार आहे. पुलावाचा." मग कडधान्याच्या डब्यातला वाटाणा आला. तो शहाणा निघाला, रुजला. हिरवी मान वर आली, तिलाही भाऊने स्टेशनाचं नाव दिलं. आणि डे इलेव्हनला पहाटे मुंबईच्या खऱ्या मालकांपैकी एक कबुतर ग्रिलवर उतरलं, कोंब खाल्ला, कॅमेऱ्याकडे बघून मान तिरकी केली आणि गेलं. त्याच्या आजवरच्या सगळ्या रील्समध्ये सर्वांत जास्त लाइक त्या कबुतराला मिळाले. पोजही तीच होती.

याच दिवसांत आमच्याकडे पाण्याचे वांधे सुरू होते. महापालिकेचं पाणी पहाटे येतं, खालच्या टाकीत पडतं, पंपाने वरच्या टाकीत जातं, हे आम्हाला माहीत. पण बी विंगच्या वरच्या दोन मजल्यांचे नळ सातनंतर नुसते फुसफुसायचे. प्लंबर म्हणाला पंप बदला, सेक्रेटरी म्हणाले टँकर मागवा, आणि सभेत लोक एकमेकांच्या आंघोळी मोजायला लागले.

भाऊ सभेत काही बोलला नाही. मात्र दुसऱ्या पहाटेपासून तो टॉर्च आणि खडू घेऊन खालच्या टाकीपाशी दिसायला लागला. दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडायचं, आत काठी बुडवायची, ओली खूण मोजायची, आणि पंपाच्या खोलीतल्या भिंतीवर तेवढ्या उंचीची खडूची उभी रेघ मारायची. खाली वेळ. एका आठवड्यात भिंत रेघांनी भरली. मग त्याने सेक्रेटरींना तिथे उभं केलं आणि गोदामातल्या आवाजात सांगितलं, "पंप ठीक आहे. चुकतेय ती वेळ. आपण साडेसहाला पंप लावतो, तेव्हा खाली अर्धी टाकीही नसते. वर पोचतं तेवढं ए विंग आधी ओढून घेते. लांबचा ट्रक आधी भरायचा असतो. पंप दोन पाळ्यांत लावा, आणि बी विंग भरेपर्यंत ए विंगचा व्हॉल्व्ह अर्धा बंद."

तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर शॉवर चालला. खर्च झाला एक खडू.

मी खाली जाऊन ती भिंत पाहिली. टक्के नव्हते, रंग नव्हता. पण प्रत्येक रेघ जेवढी होती तेवढंच त्या वेळी टाकीत पाणी होतं. "अरे, याचा फोटो का नाही घातलास रेझ्युमेत?" मी विचारलं.

"हे?" तो ओशाळला. "यात ब्रँडिंग कुठाय, काका? हे तर काम आहे."

आप्पा बाकावर बसले होते. शेजारची नागरी निवाऱ्याची वसाहत उभी राहत होती त्या काळापासून ते दिंडोशीत. काठी आपटून म्हणाले, "मृणाल गोऱ्यांना 'पाणीवाली बाई' म्हणायचे. त्यांनी काय तसं कार्ड छापलं होतं? गोरेगावच्या नळाला पाणी यावं म्हणून भांडल्या, लोकांनी नाव ठेवलं. सत्याहत्तर साली त्याच नावावर दिल्लीला गेल्या."

भाऊने मान हलवली. पण मला दिसलं, आप्पांचं वाक्य तो मोबाइलवर टिपून घेत होता.

परवा मी गेटवर उभा होतो. वॉचमनच्या टेबलावर त्याची जुनी वही उघडी होती. पहिल्याच पानावर अडीनडीचे नंबर, बॉलपेनने, हिंदीत: 'लिफ्ट', 'गैस', 'साँप', आणि शेवटी नव्या शाईत 'पानी'. आरेचं जंगल जवळ असल्यामुळे सर्पमित्राचा नंबर आमच्याकडे कायम तयार असतो. 'पानी'समोर भाऊचा नंबर होता. नाव नाही, टॅगलाइन नाही.

मी त्याला हाक मारून ते पान दाखवलं. तो बराच वेळ वाकून बघत राहिला. चष्मा काढून पुसला, परत लावला. मला वाटलं, आता गहिवरून काही बोलणार.

"भैया," तो वॉचमनला म्हणाला, "मला सापाच्या वर घेता येईल का?"

वॉचमनने क्षणभर विचार केला. "ठीक है," तो म्हणाला, "साँप तो कभी-कभी आता है. पानी रोज जाता है." आणि पट्टी घेऊन त्याने वरच्या ओळीतल्या रिकाम्या जागेत भाऊचा नंबर नीट, मोठ्या अक्षरात पुन्हा लिहिला.