पानिपतचं ब्लँकेट आणि माझी सदसद्विवेकबुद्धी

कुठल्याही शहराबद्दल ठाम मत बनवायला मला दोन दिवस पुरतात. पहिल्या दिवशी मत बनतं, दुसऱ्या दिवशी त्याला पुरावे मिळतात. परदेशी दुकानांसाठी टॉवेल, चादरी, ब्लँकेटं आपल्याकडच्या कारखान्यांतून जमवून द्यायची, हा माझा धंदा. त्यामुळे लोक ज्या गावांना सहलीला म्हणून कधीच जात नाहीत, ती सगळी माझी पाहून झाली आहेत. काश्मीर अजून राहिलंय. इचलकरंजी मात्र तिन्ही ऋतूंत पाहिली आहे.

या धंद्यात दोन कामं एकदम करावी लागतात: भाव पाडायचा आणि नीती वाढवायची. परदेशी गिऱ्हाईक ऑर्डरबरोबर एक पुस्तिका पाठवतं. त्यात पोरांना कामाला लावू नका, ओव्हरटाइम मर्यादेत ठेवा, आग विझवायची नळकांडी भिंतीवर टांगा, रंगाचं पाणी नदीत सोडू नका, असं सगळं सचित्र लिहिलेलं असतं. ही पुस्तिका बॅगेत असली की माझ्या चालण्यात फरक पडतो. मी मूळचा पुण्याचा, म्हणजे दुसऱ्याला सुधारण्याची तळमळ जन्मजातच. तिला आता लेटरहेड मिळालं, एवढंच.

घरीही मी जबाबदार ग्राहक आहे. गूळ रसायनविरहित आणतो, साबणाच्या वेष्टणावर पामतेल शोधतो, आणि दुकानात ते मोठ्याने शोधतो. एकदा बायकोसाठी अहिंसा रेशमाची साडी घ्यायला निघालो होतो. नेहमीच्या रेशमासाठी कोश उकळतात, आतला किडा मरतो. इथे पतंग कोश फोडून बाहेर पडेपर्यंत थांबतात, मग तुटलेले धागे कातून सूत करतात. चमक जरा कमी, किंमत बरीच जास्त. हे सगळं मी भारावून सांगत होतो. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, म्हणजे किड्याने वापरून टाकलेलं आपण जास्त पैसे देऊन घ्यायचं?" साडी राहिली.

पिशव्यांचं तर विचारू नका. २०१८ साली महाराष्ट्रात प्लॅस्टिकबंदी आली आणि प्रत्येक परिसंवादात, प्रत्येक प्रदर्शनात कापडी पिशव्या वाटायला लागले. आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागची खुंटी त्या भाराने भिंतीतून निघाली. त्याच वर्षी डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने हिशेब मांडला, की सेंद्रिय कापसाची पिशवी सगळ्या निकषांवर साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या बरोबरीला यायची तर ती २०,००० वेळा वापरायला हवी. म्हणजे रोज एकदा भाजी आणली तरी जवळजवळ ५५ वर्षं. प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्यातून उडते, नाले तुंबवते, हे त्यांनी धरलेलं नाही. डेन्मार्कात नाले तुंबत नसावेत. पण आकडा वाचल्यापासून मी मुलीला सांगून ठेवलंय, की फ्लॅट नंतर बघू, आधी पिशव्या कुणाच्या नावावर करायच्या ते ठरव.

असो. शहरं.

सुरतेबद्दल माझं मत: गाव स्वच्छ, माणसं गोड, जेवण त्याहून गोड, आणि मराठी माणसाने तिथे जरा अवघडूनच बसावं. १६६४ आणि १६७० असे दोनदा आपण तिथे येऊन गेलेलो आहोत. यजमान हा विषय काढत नाहीत. मीच काढतो, कारण लोचोची दुसरी बशी समोर आली की मला ऐतिहासिक शरम वाटू लागते. एक शेठ हसून म्हणाले, "साहेब, तेव्हा तुम्ही एकदम घेऊन गेलात. आता ऑर्डर-ऑर्डरने नेता." १९९४च्या प्लेगने हे गाव देशभर बदनाम झालं आणि त्यानंतर त्याने स्वतःला असं घासूनपुसून काढलं की आमच्या नगरपालिकांनी तिथे शिकवणी लावावी. तिथल्या पॉलिएस्टरच्या साडीला मी पूर्वी नाक मुरडायचो. पुण्यात तिच्या फॉल-पिकोला साडीहून जास्त पैसे पडतात. पण आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींची तसली एक साडी मी कित्येक वर्षं बघतोय. रात्री धुतली की सकाळी वाळते, इस्त्री मागत नाही, विटत नाही. माझे हातमागाचे कुर्ते दोन पावसाळ्यांत ढेपाळतात. यातलं नैतिक कापड कुठलं, हे मी अजून पुस्तिकेत शोधतोय.

तिरुपूरला पाहायला काही नाही. विमान कोइम्बतूरला उतरतं आणि पुढे रस्ताभर बनियनच बनियन. देशाच्या विणमालाच्या निर्यातीतला निम्म्याहून जास्त वाटा या एका गावाचा. रंगाईच्या पाण्याने नोय्यल नदीची वाट लागली, खालच्या अंगाची शेती खारावली, शेतकरी कोर्टात गेले, आणि जानेवारी २०११मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने रंगाईचे कारखाने बंद करायला लावले. पुन्हा सुरू व्हायचं तर एक थेंबही बाहेर सोडायचा नाही. मग त्यांनी पाणी गाळणारी, आटवणारी यंत्रं बसवली. एका कारखानदाराने मला त्या शुद्ध झालेल्या पाण्याचा ग्लास उजेडात धरून दाखवला, आणि मागच्या शेडमधल्या, पाण्यातून निघालेल्या मिठाच्या गोण्याही दाखवल्या. नदीत जायचं ते आता गोण्यांत बसलंय, आणि त्या गोण्यांचं काय करायचं हा पुढचा प्रश्न आहे. "यंत्रं विजेवर चालतात," तो म्हणाला, "वीज फुकट नाही. टी-शर्टचा भाव मात्र तुम्ही वाढवला नाही." मी पुस्तिकेतल्या 'पाणी' या पानावर बरोबरची खूण केली आणि कॉफी प्यायलो. कॉफी उत्तम.

आता पानिपत. बायको म्हणते, विषय मुळ्याच्या भाजीचा असला तरी मी पानिपतावर येणारच. माझा इलाज नाही. मराठी माणूस त्या स्टेशनवर साध्या मनाने उतरूच शकत नाही. हॉटेलातला पोरगा रजिस्टर पुढे सरकवत विचारतो, "पहली बार आए हैं?" आणि माझ्या ओठांवर येतं, नाही रे बाबा, आधी एकदा आलो होतो, १७६१ साली. कारखानदार म्हणतो, "भरोसा रखिए," आणि माझ्या मनात येतं, विश्वास तर इथेच गेला. १४ जानेवारीच्या आसपास मी तिथे कुठलाही करार करत नाही. मुंबई ऑफिसला वाटतं मी संक्रांतीला घरी तिळगूळ खात बसतो. मी खरं तर राष्ट्रीय जोखीम टाळत असतो.

शिवाय माझा धंदाच असा, की पानिपताकडे मी रसदीच्या नजरेने बघतो. भाऊसाहेबांच्या शौर्याबद्दल वाद नाही. पण एवढी फौज, वर बायकामुलं, यात्रेकरू, बाजारबुणगे, आणि दिल्लीकडून येणारी वाट अब्दालीने रोखलेली. हिवाळाभर छावणीत दाणा नाही, वैरण नाही. शेवटी उपाशीपोटी बाहेर पडून लढणं आलं. ब्लँकेटांचा कंटेनर उशिरा निघणार असं कुणी सांगितलं की मी हा सगळा इतिहास त्याला हिंदीतून ऐकवतो आणि शेवटी म्हणतो, डिलिव्हरी वेळेवर झाली नाही तर काय होतं ते याच गावाने पाहिलंय. ते बिचारे चहा मागवतात. एका ड्रायव्हरने मला काला आंब हे लढाईचं स्मारक दाखवायला नेलं. विटांचा स्तंभ, भोवती बाग, तो सुप्रसिद्ध आंबा आता नाही. ड्रायव्हर रोड समाजाचा. आपण लढाईनंतर मागे राहिलेल्या मराठ्यांचे वंशज, असं त्यांच्यातले अनेकजण मानतात. मला गहिवरून आलं. त्यालाही आलं असावं, कारण त्याने घरचं समजून मला परतीचं भाडं दीडपट सांगितलं. आणि मीही घरचं समजून घासाघीस केली.

या गावात आपला दुसरा पराभव चादरीवर झाला. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी पानिपतची चादर सोलापुरी म्हणून बाजारात खपते, ही सोलापूरकरांची जुनी तक्रार. मी त्या रागाने भारलेल्या अवस्थेत, हातमागाचा कुर्ता घालून, एका कारखानदाराच्या केबिनमध्ये बसलो होतो. वयस्क सरदारजी. मी सोलापूरची बाजू मांडत असताना त्यांनी पुढे वाकून माझ्या बाहीचं कापड अंगठा आणि दोन बोटांत धरून चोळलं. "पावरलूम है," ते म्हणाले. मग माझा चेहरा बघून, "अच्छा पावरलूम है."

आमच्या पुण्याचे स्वदेशीवाले सार्वजनिक काका १८७७च्या दिल्ली दरबारात स्वतः कातलेल्या सुताची खादी घालून बसले होते. ते सूत चोळून बघायची कुणाची हिंमत झाली नसती. मी सूत कातत नाही, मी लेबल वाचतो.

सरदारजींनीच मग मला गावाबाहेरच्या शेडमध्ये नेलं. पानिपतचं जुनं काम ते हे. युरोप-अमेरिकेतल्या लोकांनी टाकून दिलेले स्वेटर, कोट कंटेनर भरभरून येतात. पुन्हा विकता येऊ नयेत म्हणून ते आधीच चिरलेले असतात. शेडमध्ये बायका ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या पुढ्यात उभं पातं रोवलेलं. आपल्या विळीचंच मोठं भावंड. स्वेटर पात्यावर ओढायचा, बटणं, चेन, अस्तर, लेबल वेगळं करायचं आणि चिंधी रंगाप्रमाणे ढिगावर टाकायची. लाल ढीग, निळा ढीग, करडा डोंगर. रंग असे वेगळे केलेले असल्यामुळे पुढे सुताला रंग द्यायचीच गरज नाही. चिंध्या पिंजून, कातून जे सूत होतं त्याला शॉडी म्हणतात. त्याची ब्लँकेटं जगभर भूकंपात, पुरात वाटली जातात. रंगाई नाही, नवी लोकर नाही, कचऱ्यातून ऊब. परिसंवादांत ज्यावर भाषणं ऐकून मी पिशव्या मिळवतो, ते हे गाव कित्येक दशकं निमूटपणे करतंय.

माझ्यासमोरच्या बाईने एक प्रचंड तांबडा स्वेटर उचलला. दोघी मावल्या असत्या त्यात. तो तिने स्वतःच्या अंगाला लावून शेजारणीला दाखवला, दोघी तोंडावरच्या ओढणीआडून हसल्या. कॉलरच्या आत हिरव्या पानाचं लेबल होतं, पृथ्वीची काळजी घेऊन बनवल्याचं. ते पात्यावरून सर्रकन गेलं आणि लेबलांच्या घमेल्यात पडलं. मग ती खोकली. बराच वेळ खोकली. हवेत उन्हाच्या तिरपीत लोकरीचे तंतू इतके दाट होते की पलीकडची भिंत धूसर दिसत होती. तिची ओढणी हाच तिचा मास्क.

पुस्तिका माझ्या बॅगेतच होती. तिच्यात कारखान्यातल्या हवेबद्दल अख्खं पान आहे. पण आमचा करार गिरणीशी, आणि ऑडिटवाला गिरणीचं फाटक ओलांडून मागे येत नाही. चिंध्या कुठून आल्या हे कुणी विचारत नाही, कारण विचारलं तर उत्तर मिळेल. मी तरी कधी विचारलं होतं? खोकल्याचा रकानाच नाही तिथे, मग खूण कुठे करणार? तिथे उभ्या उभ्या मला त्या पुस्तिकेचा, त्या हिरव्या पानाचा आणि ते वाचून सुखाने झोपणाऱ्या सगळ्यांचा मनापासून संताप आला. त्या सगळ्यांत माझा नंबर बराच वर लागतो.

परत केबिनमध्ये लस्सी आली. बाजारात आता शॉडीला कुणी विचारत नाही, सरदारजी सांगत होते. मऊ, चकचकीत पॉलिएस्टरची फ्लीस स्वस्त पडते, त्यामुळे गिरण्या तिकडे वळल्या. मी घसा साफ करून कामाचं बोललो. गिऱ्हाईकाला पुनर्वापराच्या मालाचं सर्टिफिकेट लागेल. आणि भाव मागच्या वर्षीपेक्षा पाच टक्के खाली. माझ्या तोंडून ही दोन वाक्यं एका श्वासात गेली, रोज जातात तशीच. सरदारजींनी ग्लास खाली ठेवला. "साहब, सर्टिफिकेट चाहिए या रेट? एक चीज़ बोलो, आज ही दे दूँगा."

त्या रात्री हॉटेलात मी गिऱ्हाईकाला पत्र लिहिलं. न्हाणीघरात 'पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' अशी पाटी होती, तिनेही स्फुरण चढलं असेल. भाव पाच टक्क्यांनी वाढवावा, ती रक्कम शेडमध्ये हवा खेळती ठेवायचे पंखे आणि मास्क यांवर खर्च व्हावी, शेडचीही पाहणी व्हावी, असं स्वच्छ लिहिलं. भाषा जरा टिळकांच्या अग्रलेखाची झाली होती, पण पाठवून टाकलं.

आठवड्याने उत्तर आलं. माझ्या संवेदनशीलतेचं कौतुक होतं. कंपनीच्या पुढच्या वार्षिक अहवालात माझ्या पत्रातला एक परिच्छेद, माझ्या फोटोसह, छापायची परवानगी मागितली होती. शेडची पाहणी करायचं तत्त्वतः मान्य होतं. पाहणीचा खर्च कारखानदाराने करावा. भाव त्यांच्या मागच्या पत्राप्रमाणेच, पाच टक्के खाली.

फोटो कुठला पाठवावा यावर घरी चर्चा चालू आहे. मला तो कुर्त्यातला बरा वाटतो.