भावोजींची निवडसमिती

लोक टीव्ही बघतात. आमचे भावोजी टीव्ही कशातून बघावा ते बघतात.

ताईचं म्हणणं साधं होतं. सह्याद्रीवर एखादं जुनं नाटक लागतं ते नेमकं कणीक मळायच्या वेळी, तेव्हा ते उतरवून ठेवता आलं तर बरं. वीज मंडळातून नुकत्याच निवृत्त झालेल्या माणसापुढे असं बोलू नये. त्याच आठवड्यात जुना संगणक माळ्यावरून खाली आला आणि एक लांबोडकी हिशेबाची वही आणली गेली.

वहीत टीव्ही दाखवणाऱ्या-उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरचे रकाने आहेत: नाव, फुकट की विकत, रेकॉर्डिंग, शेरा. ‘मिथटीव्ही: २००२ पासून. ज्येष्ठ. बसवताना घाम.’ ‘प्लेक्स: देखणं. रेकॉर्डिंगला पैसे.’ ‘कोडी: मूळचं एक्सबॉक्सवरचं. दाखवतं उत्तम, पण चॅनल पकडायला दुसऱ्याचा आधार.’ ‘टीव्हीहेडएंड: खरा राबणारा. रूप नाही.’ एम्बी आणि जेलीफिन यांचा इतिहास मात्र रकान्यात मावत नाही, तो भावोजी तोंडीच सांगतात. २०१८च्या डिसेंबरात एम्बीवाल्यांनी आपला कोड झाकून घेतला, तेव्हा काही जण जुना उघडा कोड घेऊन वेगळे निघाले आणि त्यांनी जेलीफिन नावाने चूल मांडली. “भाऊबंदकी रे! पण धाकट्याने रेकॉर्डिंग फुकट ठेवलंय.” हे सांगताना त्यांचा आवाज असा लागतो, की जणू वाटणीपत्रावर साक्षीदार म्हणून यांचीच सही आहे.

खासगी डीटीएचची चॅनलं कुलपात येतात आणि किल्ली त्यांच्याच बॉक्समध्ये असते. संगणकाच्या ट्यूनरला तिथे कुणी विचारत नाही. म्हणून दूरदर्शनची फ्री डिश. गच्चीवर भावोजी पाना घेऊन छत्री केसभर फिरवणार, खाली संगणकासमोर बसलेला भाचा जिन्यातून ओरडणार, “सत्तर! बाहत्तर! बाबा, गेला!” जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्व. भावोजींना ताईचा वाढदिवस आठवावा लागतो, हा आकडा नाही.

प्रत्येक सॉफ्टवेअरची चाचणी व्हायलाच हवी. चाचणीला बसायची त्यांची वेळ ठरलेली, आणि त्या वेळी हटकून ‘आमची माती आमची माणसं’ सापडतं. त्यामुळे घरात या कार्यक्रमाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे साठले आहेत. सांगलीत दुसऱ्या मजल्यावर राहणारा, एका तुळशीपलीकडे शेती नसलेला हा गृहस्थ हल्ली तासगावच्या द्राक्षबागायतदार व्याह्यांना डावणी रोगावर सल्ला देतो. व्याही ऐकूनही घेतात, मुलीकडचे आहेत बिचारे.

मध्यंतरी नाटक खरोखरच लावून ठेवलं होतं, रात्री नऊचं. पण संगणकाने ती वेळ ग्रिनिचची धरली आणि आपल्याकडच्या रात्री अडीचला इमानेइतबारे जे काही चालू होतं ते टिपलं. ताईने सकाळी उत्साहाने लावलं आणि दोन मिनिटांत उठून गेली. भावोजी खूश! साडेपाच तासांची चूक नेमकी कुठे आहे ते त्यांना सापडलं होतं.

मी एकदा धीर करून म्हणालो, “भावोजी, टीव्हीहेडएंडने उतरवायचं, जेलीफिनने दाखवायचं. दोन्ही फुकट, दोन्ही चालतायत. आणखी काय पाहिजे?”

“चालतायत रे,” ते म्हणाले, “पण नेक्स्टपीव्हीआर अजून बघितलंच नाही. उद्या कुणी विचारलं तर?”

आजवर कुणी विचारलेलं नाही. विचारेल या आशेवर दर रविवारी सगळं पुसून नव्याने बसवलं जातं, आणि त्यात आधीची रेकॉर्डिंगं जातात. फक्त द्राक्षांची तेवढी वेगळ्या डिस्कवर जपून ठेवलेली असतात.

ताई नाटकं आता मोबाइलवर बघते, डबा भरता भरता. वहीची मागची पानं कोरी होती, तिथे तिने दुधाचा हिशेब सुरू केलाय. भावोजींनी त्यालाही रकाने आखून दिले आहेत, शेऱ्यासकट. पहिला शेरा गवळ्यावर आहे: ‘नियमित. पर्याय शोधावा.’