विचारायला पैसे पडत नाहीत

रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली ती १ नोव्हेंबर २०२४ पासून. ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. बाकी देशाने बातमी वाचली आणि पान उलटलं. मिरजेत आमच्या आत्याला मात्र त्या दिवशी चकली गोड लागली नाही. "चार महिने आधी तिकीट हातात असलं की चार महिने कसे मजेत जातात," ती म्हणाली, "आता दोनच महिने. निम्मी सहल कापली की रे यांनी!"

आत्याचं म्हणणं खोटं नाही. तिची सहल गाडीत बसल्यावर सुरू होत नाही, तिकीट निघालं की होते. कालनिर्णयावर दोन खुणा असतात. निघायच्या तारखेला हिरवा गोल, आणि तिथून उलटं साठ दिवस मोजून लाल गोल. मोजताना निघायचा दिवस धरायचा नाही, हे ती दर वेळी सगळ्यांना सांगते, मग कोणी विचारो न विचारो. लाल गोलाच्या दिवशी पावणेआठपासून घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही. आरक्षण आठला उघडतं. प्रवाशांची नावं आणि वयं आदल्या रात्रीच मास्टर लिस्टमध्ये भरून ठेवलेली असतात. आतोबांना वायफायच्या डब्याशेजारी बसवलेलं असतं. ते तिथे बसून नेमकं काय करतात हे त्यांनाही माहीत नाही, पण मागे एकदा ते उठले आणि तेवढ्यात वेटिंग आलं, तेव्हापासून त्यांची ती जागा ठरलेली आहे.

आत्या पोस्टातून निवृत्त झाली. आयुष्यभर खिडकीच्या आत बसल्यामुळे बाहेरच्या माणसाने काय विचारायला हवं होतं आणि काय विचारलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक. "विचारायला पैसे पडत नाहीत" हे तिचं आवडतं वाक्य. ते ती हॉटेलच्या काउंटरवर म्हणते, एसटीच्या चौकशी खिडकीवर म्हणते, देवळातल्या पुजाऱ्यालाही म्हणते. रस्ता तर ती तिघांना विचारते. पहिला माणूस उत्साहात सांगतो, दुसरा पहिल्याच्या विरुद्ध सांगतो, आणि तिसरा थांबून विचार करतो. ती तिसऱ्याचं ऐकते.

सरकारने तिच्या वाटेत एक मोठा खड्डा मात्र खणून ठेवला. रेल्वेत बायकांना ज्येष्ठ नागरिकांची निम्म्या भाड्याची सवलत अठ्ठावन्नाव्या वर्षापासून मिळायची. ती बंद झाली मार्च २०२० मध्ये. आत्याला अठ्ठावन्न पूर्ण झाली त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये. जग मास्क शोधत होतं तेव्हा ही हिशेब करत होती की तीन आठवडे आधी जन्माला आलो असतो तर एक तरी तिकीट निम्म्यात निघालं असतं का. करोना गेला, सवलत काही परत आली नाही. कोणी रेल्वेची स्तुती केली की आत्या अजून खिडकीबाहेर बघते.

एसटीने तिच्यावर फुंकर घातली. मार्च २०२३ मध्ये बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आत्याचा पक्ष बदलला. "एका पुरुषाच्या भाड्यात दोन बायका जातात," असं ती आतोबांच्या देखत सांगते. ऐकणाऱ्याला वाटावं, चूक आतोबांची आहे. राज्याची हद्द संपली की ही सवलतही संपते, म्हणून गोव्याचं तिकीट काढताना हद्दीपर्यंत निम्मं लावलंय ना, ते ती कंडक्टरकडून वदवून घेते. त्याआधी ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली होती. तेव्हापासून आत्याच्या सासूबाईंचं दर्शन घरी दुर्मीळ झालं आहे. "त्यांचं तिकीटच नाही, घेऊन जायला काय होतं?" या एका वाक्यावर त्या माउलीचं तुळजापूर झालं, अक्कलकोट झालं, गणपतीपुळे झालं, शेगाव झालं. शेगावचं भक्तनिवास बघून आल्यापासून तर आत्याला कुठल्याच हॉटेलची चादर स्वच्छ वाटत नाही.

बर्थच्या नंबरांचं शास्त्र तिने घरातल्या मुलांना पाढ्यांसारखं पाठ करायला लावलं आहे. स्लीपरमध्ये नंबराला आठाने भागायचं. बाकी एक किंवा चार उरली तर खालची बर्थ, दोन-पाच मधली, तीन-सहा वरची, सात उरले तर बाजूची खालची, आणि भाग पूर्ण गेला तर बाजूची वरची. माझा भाचा भागाकार शाळेत नाही, मिरज जंक्शनवर शिकला. त्याहून मोठी विद्या म्हणजे खालच्या बर्थचा कोटा. साठीपुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीपुढच्या बायका यांच्यासाठी खालच्या बर्थ राखून ठेवलेल्या असतात, पण तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तर. सहा जणांचा गोतावळा एकत्र बुक करून मग टीसीपुढे गुडघे दाखवणाऱ्या लोकांची तिला कीव येते. ती आणि माझी आई यांचं तिकीट कायम वेगळं निघतं. दोघी खाली झोपतात आणि आम्ही तिशी-चाळिशीतली मंडळी वर चढून बसतो.

तिकीट काढताना विम्याच्या चौकटीत ती न चुकता खूण करते. रुपयाच्या आतला हप्ता आणि दहा लाखांपर्यंतचं संरक्षण, वर नंतर येणाऱ्या लिंकवर वारसाचं नाव भरायची आठवणही तीच करते. आतोबांचं यावर एकच म्हणणं आहे, "रुपयाच्या आत माझी सोय लावून ही रात्रभर निवांत घोरते."

हंपीच्या सहलीला मी तिच्याबरोबर होतो. कोल्हापूर-तिरुपती हरिप्रिया मिरजेहून दुपारी सुटते आणि रात्री होस्पेटला सोडते. रात्री उतरायचं असेल तर पहिल्या मुक्कामाचं हॉटेल आधी ठरलेलं आणि स्टेशनजवळचंच हवं, हा आत्याचा कायदा. दुसऱ्या दिवसापासून हवं तिथे शोधा. गाडीत बसल्या बसल्या तिने पिशव्या खालच्या बर्थखालच्या लोखंडी कड्यांत साखळीने ओवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली परकराच्या आतल्या खिशात टाकली. हा खिसा तिने स्वतः शिवलेला आहे, चेनसकट. मोठ्या नोटा तिथे, सुटे पैसे कमरेच्या बटव्यात, आणि पर्समध्ये फक्त पन्नास-शंभर. "चोराला काहीतरी सापडायला नको का? नाहीतर तो शोधत बसतो." मुलांच्या खिशात चिठ्ठ्या होत्या: नाव, दोन फोन नंबर, हॉटेलचं नाव. घरच्या ग्रुपवर स्टेशनचा फोटो टाकायला निघालेल्या माझ्या बहिणीला तिने हातानेच थांबवलं. "परत आल्यावर टाक. घर बंद आहे हे गावाला कशाला कळवायचं?"

मग डबा उघडला. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं तेल निथळून, मेतकूट, आणि घाट लागणाऱ्यांसाठी आलेपाक. कागदी ताटल्या, ओलं फडकं, कचऱ्याची पिशवी. सगळं असूनही बेळगावला गाडी थांबल्यावर आतोबा पाय मोकळे करायला म्हणून उतरले आणि येताना ओठ पुसत आले. हातात कुंद्याचा खोका होता, पण तो पुरावा लपवण्यासाठी होता हे सगळ्यांना समजलं. आत्या काही बोलली नाही. तिने एलआयसीची डायरी काढली आणि खर्चाच्या पानावर लिहिलं: "बेळगाव. कुंदा. शिवाय वडा (न विचारता)."

ही डायरी म्हणजे आत्याचं गॅझेटियर आहे. कुठल्या गावी रिक्षावाला मीटर टाकतो, कुठल्या लॉजमध्ये गरम पाणी साडेसहालाच संपतं, कुठल्या देवस्थानात दुपारी बारानंतर प्रसादाचं जेवण मिळतं, सगळं तारखेसकट. मागच्या पानांवर न विसरायच्या वस्तूंची यादी आहे. नायलॉनची दोरी, सेफ्टी पिना, जुनं वर्तमानपत्र, क्रोसिन, ओआरएसची पाकिटं, अव्होमीन (घाटाच्या अर्धा तास आधी, घाटात नव्हे), टॉर्च, कुलूप, आणि दाराखाली सरकवायची लाकडी पाचर. ही पाचर बघून हॉटेलचे पोरगे हसतात. आत्या आधी कडी बघते, मग गीझर, मग खोलीचं भाडं विचारते. तळमजल्याची खोली घेत नाही, जिन्याजवळची पहिल्या मजल्यावरची घेते. पहिलं भाडं ऐकून ती फक्त "हं" म्हणते आणि गप्प राहते. त्या "हं"मध्ये काय आहे ते मला आजवर कळलेलं नाही, पण मॅनेजर दुसरा आकडा सांगतो.

हंपीत विजय विठ्ठल मंदिराशी तिने तिकिटं काढली आणि प्रत्येकाच्या हातात देऊन बजावलं, "फेकू नका, हेच तिकीट आज कमळमहालाला आणि कमलापूरच्या संग्रहालयातही चालतं." बरोबरची मुलं पंधराच्या आतली होती, त्यांना तिकीट नसतं, ते ती त्यांच्या वयाच्या दाखल्यासह सिद्ध करायला तयार होती, पण कोणी विचारलं नाही म्हणून थोडी हिरमुसली. मग कान टवकारून उभी राहिली. पलीकडून मराठी ऐकू आलं तशी सरळ त्या कुटुंबात शिरली. सोलापूरचे होते. दोन मिनिटांत दोन्ही घरांत मिळून एक गाइड ठरला, त्याचं ओळखपत्र आधी बघून, पैसे निम्मे-निम्मे. त्या गाइडने राजांची नावं सांगितली, खांबांमधून सूर कसे निघायचे ते सांगितलं. आत्या मधूनच "बरं, आणि इथे पाणी कुठून यायचं?" असं विचारत राहिली. तो बिचारा दमला. पण ते पाण्याचं सांगताना त्याच्याही अंगात आलं. आम्हाला तो आपणहून राजवाड्याच्या आवारातले दगडी पाट आणि पायऱ्यांची पुष्करणी दाखवायला घेऊन गेला.

दगडी रथाशी मात्र ती एकदम गप्प झाली. बटव्यातून पन्नासची निळी नोट काढली, तिच्यामागचा रथ बघितला, समोरचा बघितला. चाकं मोजली. एक पाय मागे घेऊन नोट डोळ्यांसमोर धरली, जणू मालाची पोच देते आहे. मग नोट घडी घालून पुन्हा बटव्यात. "अगदी तस्संच आहे," ती आतोबांना म्हणाली. आतोबांनी तोवर सोलापूरकरांकडून शेंगाची चटणी मिळवली होती.

तिचं सगळंच जमतं असंही नाही. लेकीकडे दिल्लीला जायचं तेव्हा जावयाने पुण्याहून विमानाचं तिकीट पाठवलं. पंधरा किलोंची मर्यादा म्हणून आत्याने आकड्याच्या काट्यावर बॅग टांगून चौदा किलो नऊशेवर आणली, पॉवर बँक वजनाच्या बॅगेत चालत नाही म्हणून हातातल्या पिशवीत घेतली. आणि तपासणीत अडकलं ते लेकीच्या ओटीसाठी घेतलेलं सुकं खोबरं. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात चालत नाही. आता आत्याचा नियम असा की, "आत गेलो, सगळं ठीक" असा फोन आल्याशिवाय सोडायला आलेल्याने हलायचं नाही. त्यामुळे मी बाहेर होतोच. ती दारापर्यंत येऊन खोबऱ्याच्या वाट्या माझ्या ओंजळीत घालून गेली. चिडली वगैरे नव्हती, उलट तोंडावर नवीन काही शिकल्याचं तेज होतं. दिल्लीहून रात्री तिचा फोन आला: पोहोचलो, टॅक्सीच्या नंबर प्लेटचा फोटो पाठवलाय, जपून ठेव, आणि यादीत लिहिलंय, विमानात खोबरं नाही, ओटीला ओला नारळ तिथेच घ्यायचा.

घरात या सगळ्याला वैतागणारे आहेतच. माझ्या चुलतभावाने एकदा सगळी सहल कंपनीकडे सोपवली, "यंदा डोक्याला ताप नको" म्हणाला. परत आल्यावर फोटो छान होते. पण कुठलं गाव कुठल्या दिवशी पाहिलं ते त्याच्या बायकोला आठवेना. आत्याला अजून विचारा, हंपीच्या दुसऱ्या दिवशी चहा कुठे घेतला आणि तिथल्या म्हातारीने उरलेले दोन रुपये कसे परत केले, ती सांगेल. माझ्या मते तिचे वाचलेले पैसे हा निव्वळ बहाणा आहे. वाचलेल्या पैशांतून ती सोलापूरच्या त्या कुटुंबाला आजही दिवाळीचा फराळ पाठवते, आणि कुरियरला वाचलेल्यापेक्षा जास्त लागतात.

तुमच्याही घरात अशी एखादी आत्या, मावशी किंवा निवृत्त काका असणारच. यंदा मे महिन्यात कुठे जायचं घाटत असेल, तर हॉटेल शोधत बसण्याआधी त्यांना फोन लावा. बोलणं तासभर चालेल, हे धरून चला. फक्त सकाळी आठ ते सव्वाआठ फोन करू नका. त्या वेळी त्यांचं कुठलं तरी बुकिंग चालू असतं.